मान्यता काढून घेण्याचा इतिहास

सोलापूरचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणीही विचारील. परंतु भारतीय नौवहनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, वालचंद हिराचंद, यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. त्यांनी सहकाऱ्यांसह उभारलेल्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळला जातो.

जहाज विकत घेता येते. त्यावरचा अधिकारी मात्र घडवावा लागतो. १९२३ साली नेमलेल्या समितीने भारतीय तरुणांसाठी प्रशिक्षणनौकेची शिफारस केली आणि १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ जहाजावर शाळा भरू लागली. १९७२ साली तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली, तर १९९३ साली ‘चाणक्य’ ही संस्था नवी मुंबईत जमिनीवर आली. तोवरचा प्रश्न शाळा मिळवण्याचा होता. शाळेची मान्यता काढून घेण्याचा प्रश्न वेगळ्याच वाटेने पुढे आला.

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि लाखभर टन तेल समुद्रात गेले. यंत्र धड होते. वेळ वाचवण्यासाठी निवडलेली वाट चुकली होती. माणसाच्या तयारीचा प्रश्न अशा अपघातांमुळे ऐरणीवर आला आणि १९७८ साली नाविकांचे प्रशिक्षण व प्रमाणपत्रे यांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात एक उणीव राहिली. अनेक बाबतींत प्रशिक्षण पुरेसे आहे की नाही, हे ज्या त्या देशाच्या समाधानावर सोडले होते. विद्यार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसे हे झाले!

१९९५ साली करार मुळापासून सुधारण्यात आला. उमेदवाराला नेमके काय करता आले पाहिजे हे ठरले आणि देशांच्या व्यवस्थेचे स्वतंत्र मूल्यमापन बंधनकारक झाले. अटी पाळणाऱ्या देशांची पहिली यादी २००० साली निघाली; तीत भारत होता. ही तपासणी नावापुरती नव्हती. २०१० साली युरोपीय आयोगाने जॉर्जिया या देशाच्या नाविक-प्रमाणपत्रांची मान्यता काढून घेतली. ती परत मिळायला २०१३ साल उजाडले.

येथे आपल्या विषयाचे मर्म आहे. नाविकाचे प्रमाणपत्र परक्या बंदरात विश्वासावर चालते. तरणतलाव नसताना जीवरक्षणाचा किंवा आग न विझवताच अग्निशमनाचा वर्ग ‘पूर्ण’ झाला, तर एका संस्थेच्या ढिलाईने साऱ्या देशाच्या कागदाची पत जाते. म्हणून आपल्याकडेही केंद्र सरकारचे नौवहन प्रशासन संस्थांची तपासणी करते आणि गंभीर त्रुटी आढळल्यास अभ्यासक्रमाची मान्यता स्थगित किंवा रद्द करते.

हा निर्णय कठोर वाटतो, कारण फी भरून बसलेला मुलगा अधांतरी राहतो. पण जहाजाला आग लागल्यावर अर्धवट शिकलेल्या त्याच मुलाला पळून जायला जागा नसते. समुद्रापासून दूर असलेल्या गावातील पालकांना हे सारे सहसा माहीत नसते. ते काम आपणा शिक्षकांचे आहे, असे आम्हांस वाटते. मान्यता अभ्यासक्रमागणिक असते. संस्थेच्या मोठ्या नावावर विसंबू नये. हवा तो अभ्यासक्रम आज मान्य आहे ना, हे सरकारी यादीत पाहावे आणि मगच पैसे भरावेत.