पार्क जी-सुंग : ‘तीन फुप्फुसांचा’ कोरियन मिडफिल्डर

पार्क जी-सुंग हा दक्षिण कोरियाचा माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. २००० ते २०१४ या काळात तो जपान, नेदरलँड्स आणि इंग्लंडमधील क्लबांकडून मधल्या फळीत खेळला. मँचेस्टर युनायटेडकडून खेळणारा तो पहिला कोरियन. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मैदानात उतरणारा तो पहिला आशियाई खेळाडू. सलग तीन विश्वचषक स्पर्धांत गोल करणाराही तो पहिलाच आशियाई. (कोरियन पद्धतीत आडनाव आधी येते, त्यामुळे ‘पार्क’ हे त्याचे आडनाव आहे.)

एवढे असूनही आकड्यांत त्याची कारकीर्द फार मोठी दिसत नाही. मँचेस्टर युनायटेडसाठी २०५ सामन्यांत २७ गोल, देशासाठी १०० सामन्यांत १३ गोल. मग अॅलेक्स फर्ग्युसन यांच्यासारखा प्रशिक्षक मोठ्या सामन्यांत त्याचीच निवड का करत असे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच पार्कची कारकीर्द.

लहान चणीचा मुलगा

पार्कचा जन्म १९८१ साली सोल येथे झाला आणि तो राजधानीच्या दक्षिणेला असलेल्या सुवॉन शहरात वाढला. प्राथमिक शाळेत असतानाच त्याची गुणवत्ता दिसू लागली होती. जर्मनीत नाव कमावलेल्या चा बुम-कुन या कोरियन खेळाडूच्या नावाने शालेय फुटबॉलपटूंना दिला जाणारा पुरस्कार त्याला मिळाला. सामन्यांतील डावपेच तो वहीत आकृत्या काढून टिपून ठेवत असे.

अडचण होती ती शरीरयष्टीची. पार्क वयाच्या मानाने बुटका आणि किरकोळ होता. मुलाची ताकद वाढावी म्हणून घरच्यांनी त्याला बेडकांचा काढाही पाजला, ही आठवण त्याने पुढे सांगितली आहे. त्यातच त्याचे तळपाय सपाट होते. अशा पायांनी सतत धावणे त्रासाचे ठरते.

शालेय शिक्षण संपल्यावर कोरियातील एकाही व्यावसायिक क्लबने त्याला घेतले नाही. शेवटी म्योंगजी विद्यापीठात प्रवेश मिळाला. तोही, असे सांगितले जाते, टेनिस संघाच्या वाट्याची एक जागा रिकामी होती म्हणून. तेथे खेळत असताना ऑलिम्पिक संघाचे प्रशिक्षक हो जुंग-मू यांची नजर त्याच्यावर पडली. २००० साली तो राष्ट्रीय संघात आला आणि त्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्येही खेळला.

क्योटोतील पहिली नोकरी

मायदेशात जागा न मिळालेल्या पार्कला पहिला व्यावसायिक करार दिला तो जपानच्या क्योटो पर्पल सांगा या क्लबने, २००० साली. पहिल्याच हंगामात संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, त्याने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून पुन्हा वरच्या श्रेणीत प्रवेश केला.

क्योटोसाठी त्याचा शेवटचा सामना होता १ जानेवारी २००३ रोजीचा एम्परर्स कपचा अंतिम सामना. तोपर्यंत युरोपला जाण्याचे नक्की झाले होते. तरीही पार्क खेळला, पिछाडीवर पडलेल्या क्योटोसाठी बरोबरीचा गोल केला आणि बलाढ्य काशिमा अँटलर्सला २-१ असे हरवून क्लबने करंडक जिंकला.

२००२ : पोर्तुगालविरुद्धचा गोल

त्याआधीच्या उन्हाळ्यात पार्कचे आयुष्य बदलून गेले होते. २००२ चा विश्वचषक दक्षिण कोरिया आणि जपान यांनी मिळून भरवला. कोरियाचे प्रशिक्षक होते नेदरलँड्सचे गूस हिडिंक. खेळाडूचे नाव किंवा ज्येष्ठता न पाहता ९० मिनिटे न थकता दबाव ठेवू शकेल असा संघ त्यांना हवा होता. पार्क त्यात चपखल बसला. तोवर बचावाकडे झुकलेल्या मिडफिल्डरची भूमिका करणाऱ्या पार्कला हिडिंक यांनी पुढे, बगलेवर खेळवायला सुरुवात केली. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यांत त्याने इंग्लंड आणि फ्रान्स या दोघांविरुद्ध गोल केले.

१४ जून २००२ रोजी इंचॉन येथे पोर्तुगालविरुद्ध साखळीतील शेवटचा सामना होता. ७० व्या मिनिटाला आलेला उंच चेंडू पार्कने छातीवर घेतला, उजव्या पायाने सर्जिओ कॉन्सेसाओच्या डोक्यावरून टाकला आणि खाली येताच डाव्या पायाने गोलजाळ्यात मारला. गोलनंतर तो थेट हिडिंक यांच्याकडे धावत गेला आणि त्यांना बिलगला. तो क्षण आजही कोरियात पुन्हा पुन्हा दाखवला जातो.

कोरियाने तो सामना १-० असा जिंकला. पुढे इटलीला अतिरिक्त वेळेत आणि स्पेनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवत संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तिथपर्यंत पोहोचणारा तो पहिलाच आशियाई संघ. उपांत्य फेरीत जर्मनीने कोरियाला १-० असे हरवले.

या यशाचा एक परिणाम मैदानाबाहेरचा होता. दक्षिण कोरियात तरुणांना सुमारे दोन वर्षांची लष्करी सेवा सक्तीची आहे. ऐन उमेदीतली ही दोन वर्षे अनेक खेळाडूंची परदेशी कारकीर्द अडवतात. बाद फेरी गाठल्याबद्दल सरकारने विश्वचषक संघातील खेळाडूंना या सेवेतून सूट दिली आणि पार्कचा युरोपचा रस्ता मोकळा झाला.

आइंडहोव्हन : हुर्यो ते जयजयकार

हिडिंक यांनी विश्वचषकानंतर नेदरलँड्समधील पीएसव्ही आइंडहोव्हन या क्लबची सूत्रे घेतली आणि जानेवारी २००३ मध्ये पार्कला, त्याचा सहकारी ली यंग-प्यो याच्यासह, तिकडे बोलावले.

सुरुवात वाईट झाली. गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. परतल्यावर लय सापडेना. घरच्या मैदानावर चेंडू त्याच्या पायाशी आला की पीएसव्हीचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. काही काळ हिडिंक त्याला घरच्या मैदानाऐवजी बाहेरच्या सामन्यांतच खेळवत. जपानला परतण्याचा पर्याय समोर असूनही पार्क थांबला.

२००४ मध्ये आर्येन रॉबेन चेल्सीला गेल्यावर पार्कची जबाबदारी वाढली. २००४-०५ च्या हंगामात पीएसव्हीने देशांतर्गत लीग आणि चषक दोन्ही जिंकले आणि चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. समोर होता एसी मिलान. मिलानमधील पहिला सामना पीएसव्हीने ०-२ असा गमावला होता. ४ मे २००५ रोजी आइंडहोव्हनमध्ये नवव्याच मिनिटाला पार्कने गोल केला. पीएसव्हीने ३-१ असा विजय मिळवला, पण एकूण गोलसंख्या ३-३ झाल्याने प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेला गोल निर्णायक ठरला आणि मिलान पुढे गेला. पीएसव्ही हरला खरा, पण पार्क युरोपच्या नजरेत भरला. हुर्यो उडवणारे प्रेक्षक आता त्याच्या नावाचे गाणे म्हणत होते.

फर्ग्युसन यांचा ‘मोठ्या सामन्यांचा’ माणूस

जुलै २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने सुमारे ४० लाख पौंडांना पार्कला घेतले. आशियात जर्सी विकण्यासाठी केलेली ही खरेदी आहे, असा सूर तेव्हा काही जणांनी लावला होता. पुढच्या सात हंगामांनी तो खोटा ठरवला. या काळात युनायटेडने चार वेळा प्रीमियर लीग जिंकली. शिवाय एक चॅम्पियन्स लीग आणि एक क्लब विश्वचषक.

त्या संघात रोनाल्डो आणि रूनी होते, गिग्ज आणि स्कोल्स होते. गोल करणारे पुष्कळ होते. पार्कचे काम वेगळे होते. प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक पुढे सरसावला की त्याला मागे रेटणे. चेंडू हरवला की पहिल्या क्षणाला त्यामागे धावणे. सहकाऱ्यासाठी जागा मोकळी व्हावी म्हणून, चेंडू मिळणार नाही हे ठाऊक असूनही धाव घेणे. धावफलकावर यातले काहीच येत नाही. त्याच्या अखंड धावण्यामुळे इंग्लंडमधले चाहते त्याला ‘तीन फुप्फुसांचा पार्क’ म्हणत. कोरियात तो ‘दोन हृदयांचा’ किंवा ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणून ओळखला जाई.

या कामाचा सर्वांत गाजलेला नमुना २०१० चा. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत युनायटेडसमोर एसी मिलान होता आणि मिलानच्या खेळाचा कणा होता आंद्रेआ पिर्लो. फर्ग्युसन यांनी पार्कला बगलेवरून मध्यभागी आणले आणि एकच काम दिले : पिर्लोला चेंडू खेळू द्यायचा नाही. पार्क सावलीसारखा त्याच्या मागे राहिला. युनायटेडने दोन्ही सामने मिळून ७-२ असा विजय मिळवला. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या ४-० मध्ये एक गोल पार्कचाही होता. पिर्लोने पुढे आत्मचरित्रात या पाठलागाची आठवण नोंदवली आहे.

त्याचे गोल थोडे, पण त्यांतले बरेच मोक्याचे. २००९ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य सामन्यात आर्सेनलविरुद्ध आठव्या मिनिटाला, मार्च २०१० मध्ये लिव्हरपूलविरुद्ध झेपावत हेडरने, एप्रिल २०११ मध्ये चेल्सीने बरोबरी साधताच पुढच्याच मिनिटाला.

मॉस्कोतील रात्र

२००८ ची चॅम्पियन्स लीग पार्कच्या कारकिर्दीतील सर्वांत कडू आठवण आहे. उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्धच्या दोन्ही सामन्यांत तो पहिल्या अकरा खेळाडूंत होता आणि उत्तम खेळला. अंतिम सामना २१ मे रोजी मॉस्कोत चेल्सीशी होता. आशियातला एक खेळाडू पहिल्यांदाच या सामन्यात उतरणार म्हणून कोरियात मध्यरात्र उलटल्यावरही लोक जागे होते. पण संघ जाहीर झाला तेव्हा पार्कचे नाव राखीव खेळाडूंतही नव्हते. युनायटेडने पेनल्टी शूटआउटमध्ये करंडक जिंकला. पार्कने तो जल्लोष सुटाबुटात पाहिला. हा निर्णय आपल्याला फार जड गेला, असे फर्ग्युसन यांनी नंतर सांगितले.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, रोममधील अंतिम सामन्यात पार्क पहिल्या मिनिटापासून खेळला. २०११ मध्ये वेम्ब्लीवर पुन्हा. दोन्ही वेळा बार्सिलोना वरचढ ठरला. २०११ च्या सामन्यात पार्कला मेस्सीच्या मागे लावायला हवे होते, अशी खंत फर्ग्युसन यांनी पुढे बोलून दाखवली.

देशाचा कर्णधार

राष्ट्रीय संघासाठी पार्कने २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध ८१ व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो कर्णधार होता आणि प्रशिक्षक होते तेच हो जुंग-मू. ग्रीसविरुद्ध बचावपटूकडून चेंडू हिसकावून त्याने गोल केला. कोरियाने मायदेशाबाहेर पहिल्यांदाच विश्वचषकाची बाद फेरी गाठली. तेथे उरुग्वेने त्यांना २-१ असे हरवले.

त्या स्पर्धेआधी जपानमधील सैतामा येथे झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात गोल केल्यावर पार्कने उड्या मारल्या नाहीत. जपानी प्रेक्षकांकडे शांतपणे बघत तो सावकाश धावत गेला. कोरियात हा जल्लोष ‘फेरफटका’ म्हणून प्रसिद्ध झाला.

जानेवारी २०११ मध्ये कतारमधील आशियाई चषक ही त्याची शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. याच स्पर्धेत कोरियाने भारताला ४-१ असे हरवले आणि तेव्हा १८ वर्षांच्या सोन हुंग-मिनने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला. जपानविरुद्धचा उपांत्य सामना पार्कचा शंभरावा. तो पेनल्टी शूटआउटमध्ये गमावल्यावर काही दिवसांतच, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. इंग्लंड आणि आशिया यांच्यातील सततचा विमानप्रवास त्याच्या गुडघ्याला सोसवेनासा झाला होता.

गुडघ्याने मागितलेली किंमत

२००७ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेवर अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो सुमारे नऊ महिने मैदानाबाहेर होता. नंतर प्रत्येक मोठ्या सामन्यानंतर गुडघा सुजे आणि काही दिवस विश्रांती घ्यावी लागे. जो गुण त्याची ओळख होता, त्याचाच भार गुडघ्यावर पडत होता.

२०१२ मध्ये तो लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडे गेला. तेथे त्याला कर्णधार करण्यात आले, पण हंगामाच्या मध्यावर ते पद गेले आणि संघही खालच्या श्रेणीत घसरला. २०१३-१४ चा हंगाम तो पुन्हा पीएसव्हीत खेळला. प्रशिक्षक होता फिलिप कोकू, म्हणजे २००५ च्या मिलानविरुद्धच्या सामन्यात दोन गोल करणारा त्याचा जुना सहकारी. १४ मे २०१४ रोजी, ३३ व्या वर्षी, पार्कने निवृत्ती जाहीर केली. आणखी खेळण्याची इच्छा आहे, पण गुडघा साथ देत नाही, हेच त्याचे कारण होते.

एका गाण्याचा प्रश्न

युनायटेडच्या चाहत्यांनी पार्कवर रचलेले एक गाणे अनेक वर्षे म्हटले जाई. त्यात कोरियन लोकांच्या कुत्रे खाण्याचा उल्लेख होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये क्लबच्याच पॉडकास्टवर पार्कने चाहत्यांना ते थांबवण्याची विनंती केली. तरुणपणी परक्या देशात आपल्यावर गाणे आहे याचाच अभिमान वाटला, मनाला लागणारे शब्द पचवणे हाही तिथे रुळण्याचा भाग आहे असे समजून आपण गप्प राहिलो, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी ह्वांग ही-चान हा कोरियन खेळाडू वुल्व्ह्ज क्लबमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याच्यासमोर तेच गाणे म्हटले गेले. आपण तेव्हा बोललो नाही म्हणून पुढच्या पिढीला हे ऐकावे लागते, याचे त्याला वाईट वाटले. मँचेस्टर युनायटेडनेही त्याच्या विनंतीला पाठिंबा दिला.

निवृत्तीनंतर

पार्क मँचेस्टर युनायटेडचा सदिच्छादूत झाला. त्याने क्रीडा व्यवस्थापनाचा ‘फिफा मास्टर’ अभ्यासक्रम पूर्ण केला, काही काळ कोरियन फुटबॉल संघटनेत युवा विकासाचे काम पाहिले आणि पुढे जेओनबुक ह्युंदाई मोटर्स या क्लबमध्ये जबाबदारी घेतली.

आज युरोपातील मोठ्या क्लबात कोरियन खेळाडू दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. सोन हुंग-मिनने गोलांच्या बाबतीत पार्कला कितीतरी मागे टाकले आहे. पण आशियाई खेळाडू जर्सी खपवण्यासाठी नव्हे तर सामना जिंकण्यासाठी घेतला जातो, हे इंग्लंडमध्ये आठवड्यामागून आठवडे धावून पटवून दिले ते पार्क जी-सुंगने.

कारकीर्द एका दृष्टिक्षेपात

• क्योटो पर्पल सांगा (२०००–०३) : जपानच्या दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद, एम्परर्स कप
• पीएसव्ही आइंडहोव्हन (२००३–०५) : दोन वेळा डच लीग, एकदा डच चषक
• मँचेस्टर युनायटेड (२००५–१२) : २०५ सामने, २७ गोल, चार प्रीमियर लीग, २००८ ची चॅम्पियन्स लीग आणि क्लब विश्वचषक
• क्वीन्स पार्क रेंजर्स (२०१२–१४) : यातील शेवटचा हंगाम पीएसव्हीत उसनवारीवर
• दक्षिण कोरिया (२०००–११) : १०० सामने, १३ गोल, २००२, २००६ आणि २०१० चे विश्वचषक