बंब म्हणजे पंप

आमच्या सणसरला घरात ‘बंब’ म्हटलं की तो पाणी तापवायचा, तांब्याचा. रस्त्यावर ‘बंब आला’ अशी आरोळी उठली की तो लाल. आगीच्या बंबाचं नाव पोर्तुगीज ‘बोम्बा’वरून आलं असं मानतात. बोम्बा म्हणजे पंप. जपान्यांनी याच कुळातला शब्द डच व्यापाऱ्यांकडून उचलला. तिथं आगीच्या गाडीला आजही ‘पोंपु-शा’, म्हणजे पंपाची गाडी म्हणतात. आपण मात्र नावाचा अर्थ विसरलो आणि बंब म्हणजे पाणी घेऊन येणारा टँकर अशी समजूत करून बसलो.

जपानातली घरं लाकडाची आणि कागदाची. 1657 च्या आगीत एदो, म्हणजे आजचं टोकियो, बहुतेक जळून गेलं. तेव्हाचे आग विझवणारे पाणी मारण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेची घरं पाडत सुटायचे. अठराव्या शतकात लाकडी हातपंप आला. त्याचं नाव ‘र्‍युदोसुई’, पाणी थुंकणारा ड्रॅगन! नाव भारदस्त, धार मात्र बेताची.

1907 साली मुंबईच्या अग्निशमन दलात पहिला मोटार बंब दाखल झाला. त्याच साली ओसाकात मोरिता हा कारखाना निघाला. आजही तो आगीच्या गाड्या बनवतो. पुढे 1923 च्या भूकंपात टोकियोतले नळ फुटले आणि शहर पेटलं. एक लाखावर माणसं गेली, त्यातली बहुतेक आगीत. नळावर विसंबलेलं शहर नळ फुटल्यावर काय करणार?

युद्धानंतरच्या जुन्या जपानी गाड्या बघण्यासारख्या आहेत. टोयोटा, निस्सान, इसुझू यांच्या नाकाड ट्रकचा सांगाडा, लाल रंग, पुढे घंटा आणि मागच्या फळीवर दांडी धरून उभे राहणारे जवान. चाकं फिरवणारं इंजिनच गाडी थांबली की पंप फिरवतं. पुष्कळ गाड्यांना पाण्याची टाकीच नाही! त्याऐवजी कडेला गुंडाळलेला जाडजूड सक्शन पाईप. तो ओढ्यात, भातखाचरात, नाहीतर आगीसाठी बांधलेल्या हौदात सोडायचा. गल्ल्या अरुंद म्हणून आपल्याकडच्या जुन्या टेम्पोसारखे तीनचाकी बंबही त्यांनी केले. गावोगावी ते चालवणारे कोण, तर तिथलेच शेतकरी आणि दुकानदार. पगारी माणूस शहरातून येईपर्यंत घर उरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

सक्शनचं गणित आमच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. हवेचा दाब पाणी फार तर 10 मीटर चढवतो, प्रत्यक्षात 7 मीटरच्या आसपास. म्हणून तर मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते. फूटव्हॉल्व्ह गळला की पुन्हा पाणी भरत बसा. बंबाचा पंपही असाच आधी हवा काढून घेतल्याशिवाय पाणी धरत नाही.

आता आमच्याकडचा ऊस बघा. तारांची ठिणगी पडते, पाचट पेटतं आणि वारा असला की घटकाभरात फड जातो. जळालेला ऊस घाईनं तोडून घालायचा, त्यात दराला कपात. बंब लांबून येतो. आपल्या नेहमीच्या बंबाची टाकी साडेचार हजार लिटरची, पंप मिनिटाला 1,800 लिटर फेकणारा. पुरता चालवला तर अडीच मिनिटांत टाकी कोरडी. आणि फडाच्या बांधाखालून निरा डावा कालवा वाहत असतो! आवर्तन चालू असेल तर, हेही खरं. नसेल तेव्हा शेततळं, विहीर. आपल्या बंबालाही सक्शन पाईप असतात, पण जड गाडी सरीतून कालव्याकडे जाणार कशी? तिथं दोघांनी उचलायचा पंप आणि तो चालवणारी गावातली चार पोरं लागतात. जपानच्या खेड्यात असा पंप छोट्या गाडीवर लादलेला असतो.

त्या गाड्यांवरची घंटाही नुसती शोभेची नव्हे. जाताना भोंगा वाजतो. आग विझवून परतताना मात्र ती घंटा सावकाश ठोकत येतात. मग गाव दिवे मालवून झोपतं.