नाम परकं, क्रियापद घरचं

परक्या शब्दांनी मराठी बुडणार, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. असं कुणी म्हणालं की मला फारसी आठवते.

६४२ साली नहावंदची लढाई झाली आणि इराण अरबांच्या हाती गेला. पुढे कितीतरी काळ धर्माची आणि विद्येची भाषा अरबी होती. इजिप्तने हळूहळू आपली बोली सोडून अरबी धरली. इराणने मात्र लिपी घेतली, ढीगभर शब्द घेतले आणि भाषा फारसीच ठेवली.

हे जमलं कसं? मला वाटतं, त्यात 'कर्दन' म्हणजे 'करणे' या क्रियापदाचा मोठा वाटा आहे. नाम अरबी घ्यायचं आणि पुढे घरचं क्रियापद जोडायचं. 'फेक्र कर्दन' म्हणजे विचार करणे. 'हर्फ ज़दन' म्हणजे बोलणे, शब्दशः 'शब्द मारणे'. आपण गप्पा मारतो, तसंच!

एक साधं वाक्य बघा: 'ख़स्ते-अम, वली फेक्र मीकोनम.' दमलोय, पण विचार करतोय. यातला 'फेक्र' अरबी, आणि 'पण' या अर्थाचा 'वली'सुद्धा मूळचा अरबीच. विरोध दाखवणारा इतका रोजचा शब्दही बाहेरून आला. तरी वाक्याची सुरुवात फारसी, शेवट फारसी, आणि क्रियापद मराठीसारखंच शेवटी.

आपल्याकडेही तेच झालं. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण माफ करणे, जमा करणे, कबूल करणे आपल्या तोंडून गेले नाहीत. त्यांनी मराठीचं काही बिघडलंही नाही.

मात्र याची एक किंमत आहे. 'कर्दन'ची सवय लागली की सुटी क्रियापदं मागे पडतात. रडण्यासाठी फारसीत 'गेरीस्तन' होतं. ते आता पुस्तकी झालं, बोलताना 'गेर्ये कर्दन' म्हणतात, म्हणजे 'रडणं करणे'. गंमत म्हणजे 'गेर्ये' हा शब्द अरबी नाही, फारसीच आहे. सवय घरच्या शब्दांनाही लागली.

म्हणून मला फोन करण्याची, डाउनलोड करण्याची चिंता वाटत नाही. ती वस्तूच नवी आहे. पण 'कळवतो'च्या जागी 'इन्फॉर्म करतो' आणि 'निवडतो'च्या जागी 'सिलेक्ट करतो' आलं की कान टवकारतात. नाव पाहुण्यासारखं येतं, राहतं. क्रियापद गेलं की मात्र घरातलंच माणूस गेल्यासारखं वाटतं.

तुमच्या घरात अशी कुठली क्रियापदं ऐकू येईनाशी झालीत? जरूर कळवा. इन्फॉर्म नका करू :)