आलेखाची रेघ कुठून सुरू होते?

महाजालावर आजकाल कोणत्याही गोष्टीचा आलेख दोन टिचक्यांत मिळतो. कापसाचा भाव घ्या, पाऊस घ्या, नाहीतर लोकसंख्या. तारखा निवडायच्या, जिल्हा निवडायचा, की पानावर रंगीत रेघ हजर. ती बघितली की माणूस लगेच बोलायला लागतो, "बघा, चढतंय!" नाहीतर "बघा, उतरलं!" मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्या खोडीमुळे माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. ही रेघ जिथून सुरू झालीय, तिथूनच का सुरू झाली? त्याच्या आधी काय होतं?

आधी ही रेघ येते कशी ते थोडक्यात सांगतो. माझ्या भाचीने मला हे समजावलं, आणि मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या माणसाला समजलं म्हणजे कुणालाही समजेल! दूर कुठेतरी एका संगणकावर एक भलंमोठं रजिस्टर असतं. त्याला विदागार म्हणा. त्यात ओळी आणि रकाने. आपलं पान त्या रजिस्टराला निरोप पाठवतं की अमुक जिल्हा, अमुक वस्तू, अमुक तारखा, एवढ्याच ओळी दे. ओळी येतात. मग पानातला छोटा प्रोग्राम प्रत्येक आकड्याची उंची ठरवतो, तिथे ठिपका ठेवतो आणि ठिपके जोडतो. बस, एवढंच. आम्ही आठवीच्या पोरांना आलेख कागदावर पेन्सिलीने हेच करायला लावत होतो. फरक इतकाच, की पोरगं ठिपका देताना "गुरुजी, हा आकडा कुठून आणला?" असं विचारायचं. प्रोग्राम विचारत नाही.

तसा हा खेळ जुना आहे. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचा एक नकाशासंग्रहासारखा ग्रंथ काढला. आयात-निर्यातीच्या रेघा वर्षांनुसार काढून दाखवण्याची रीत त्याने रूढ केली. त्यात एक गंमत आहे. स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, १७८०च्या नाताळापासून १७८१च्या नाताळापर्यंतचे. एका वर्षाची रेघ कशी काढणार? म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी आडव्या पट्ट्या काढल्या. आज आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो, त्याच्या पहिल्या नमुन्यांपैकी हा एक. म्हणजे आलेखाचा हा प्रकारच मुळी आकडे नव्हते म्हणून जन्माला आला! निदान प्लेफेअरने नसलेले आकडे आहेत असं भासवलं नाही.

आता आपल्या यवतमाळकडे येऊ.

आपल्याकडे रजिस्टरांची कमतरता कधीच नव्हती. वऱ्हाडात गावचा जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिला जाई. जातीच्या दाखल्यासाठी आजही लोक त्याची नक्कल काढायला तहसिलीत जातात. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर. त्याची एक मजा सांगतो. आमच्या पिढीतल्या लोकांच्या जन्मतारखा जमवून महिन्यांप्रमाणे स्तंभालेख काढला, तर जून-जुलैचे खांब ताडासारखे उभे राहतील. घरातल्या मंडळींनो, आपल्यातल्याच किती जणांचा वाढदिवस १ जुलैला येतो ते मोजा! याचा अर्थ आपल्या आया पावसाळ्यातच बाळंत होत होत्या असा नाही. आईबापाला तारीख ठाऊक नसे, शाळा त्या सुमारास सुरू होई, आणि गुरुजी पोराचं वय अंदाजे धरून सोयीची तारीख लिहून टाकत. तो आलेख जन्माचा नाही, शाळाप्रवेशाचा आहे. रकान्यावर मात्र "जन्मतारीख" असंच लिहिलेलं आहे.

जिल्ह्याचं नावच बघा. इंग्रजी अमदानीत हा जिल्हा 'वून', म्हणजे वणी, या नावाने ओळखला जाई, जरी कचेरी यवतमाळलाच होती. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली. त्या वेळच्या बाशीम, म्हणजे वाशीम, जिल्ह्यातला पुसद तालुका इकडे जोडला आणि जिल्ह्याचं नाव 'येवतमाळ' झालं. १९०८ साली निघालेलं गॅझेटिअर याच नावाचं आहे. पुढे कागदोपत्री 'यवतमाळ' रुळलं. आता कुणी शंभर-सव्वाशे वर्षांचा आलेख काढायला बसला तर? संगणकाला वून, येवतमाळ आणि यवतमाळ ही तीन वेगळी ठिकाणं वाटतात. नावं एक केली, तरी १९०५च्या जागी रेघ एकदम उसळी मारेल. लोकसंख्या एका वर्षात वाढली नाही, पुसद आलं! असंच केळापूरचं. तालुका कागदावर केळापूर, पण ठाणं पांढरकवड्याला आणि बाजारही पांढरकवड्याचा. बाहेरच्या माणसाने दोन रजिस्टरं जोडली तर एक गाव दोनदा येईल, नाहीतर एकदाही येणार नाही.

कापसाची गोष्ट यापेक्षा जवळची. बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक महाजालावर टाकणारी 'अॅगमार्कनेट' ही केंद्र सरकारची व्यवस्था २००० सालची. चांगली सोय आहे, मी स्वतः बघतो. पण भाव त्यात आपोआप पडत नाहीत. बाजारात कुणीतरी बसून ते भरतं, तेव्हा पडतात. दिवाळीत बाजार बंद असला, तर त्या दिवशीचा रकाना रिकामा राहतो. या रिकाम्या रकान्याचं काय करायचं ते आलेख काढणाऱ्याच्या हाती. त्याला शून्य मानलं, तर भाव दिवाळीत पाताळात गेलेला दिसेल. सोडून दिला, तर अलीकडचा आणि पलीकडचा ठिपका सरळ रेघेने जोडला जाईल आणि बंद बाजारातही भाव ठरत होता असं वाटेल. हजेरीपटात आम्ही सुट्टीचा दिवस आणि गैरहजेरी वेगवेगळी लिहायचो ते उगाच नाही. शिवाय जो कापूस वावरातून थेट गावातल्या व्यापाऱ्याच्या गाडीत गेला, त्याचा भाव या रजिस्टरात येणारच कसा? नडलेला कास्तकार बहुधा तोच असतो, आणि कमी भावही बहुधा त्यालाच मिळतो.

मागचा काळ जोडायचा म्हटलं तर आणखी घोळ. १९७२च्या हंगामापासून पुढची जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती. कापूस सरकारी खरेदी केंद्रावरच घालायचा, भाव सरकारने ठरवायचा. पलीकडे आदिलाबादला जास्त भाव असला की सीमेवरच्या गावांतला कापूस रातोरात तिकडे जाई, हे पांढरकवडा-वणीकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. त्या वर्षांचा 'भाव' आणि आजचा लिलावातला 'भाव', शब्द एकच, वस्तू दोन. त्यांना एका रेघेत ओवलं की रेघ दिसते छान, सांगते भलतंच.

उंचीचंही तसंच. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२३-२४ला क्विंटलला ७०२० रुपये होता, २०२४-२५ला ७५२१, आणि २०२५-२६ला ८११०. दोन वर्षांत साधारण साडेपंधरा टक्के वाढ. पण आलेखाचा तळ शून्याऐवजी ७००० धरला, तर पहिला खांब २० रुपयांइतका उंच आणि शेवटचा १११० रुपयांइतका. पंचावन्न पट! एकही आकडा खोटा नाही, आणि डोळ्याला दिसलं ते मात्र खोटं.

इथपर्यंत गमतीने लिहिलं. आता जे सांगायचं आहे ते गमतीचं नाही.

आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर ज्या आलेखाने पोहोचलं, तो शेतकरी आत्महत्यांचा. त्याचीही रजिस्टरं दोन आहेत. एक पोलिसांचं. ठाण्यात झालेली नोंद वर जाते आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात राज्यवार छापली जाते. दुसरं महसूल खात्याचं. तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, मग अमरावतीचं विभागीय आयुक्त कार्यालय. जिल्ह्याजिल्ह्याचे जे आकडे वर्तमानपत्रात येतात ते बहुतेक या दुसऱ्या वाटेने. दोन्ही ठिकाणी 'शेतकरी' हाच शब्द आहे, पण तो ठरवण्याची रीत वेगळी.

पोलिसांच्या आकड्यांचा आलेख बघा. २०१३ साली देशभरात ११,७७२. २०१४ साली ५,६५०. रेघ निम्म्याखाली कोसळते! एका वर्षात असा कोणता पाऊस पडला, कोणतं कर्ज माफ झालं? काहीच नाही. २०१४च्या अहवालात रकाना दुभंगला. तोवर शेती करणारे आणि शेतमजूर एकाच रकान्यात होते. त्या वर्षापासून शेतकरी वेगळे आणि शेतमजूर वेगळे मोजले. शेतमजुरांच्या रकान्यात ६,७१० माणसं होती. दोन्हींची बेरीज १२,३६०. म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा जास्तच. ज्याने फक्त 'शेतकरी' हा रकाना मागवला, त्याच्या पानावर मात्र सुधारणा दिसली. आणि आपल्याकडे दोन एकरांचा मालक पेरणी झाली की दुसऱ्याच्या वावरात निंदायला जातो. तो कोणत्या रकान्यातला?

महसुलाच्या रजिस्टरात वेगळाच रकाना आहे: पात्र आणि अपात्र. डिसेंबर २००५च्या शासन निर्णयाप्रमाणे अशा कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते. पण त्यासाठी जमीन, कर्ज, आणि परतफेडीचा तगादा हे कागदाने सिद्ध व्हावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. कृषी केंद्रावरची उधारी, साळ्याकडून घेतलेले हातउसने, पोरीच्या लग्नासाठी बिनपरवान्याच्या माणसाकडून काढलेले पैसे, यांचा कागद कुठून आणणार? जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण तपासते आणि शिक्का पडतो. मदत द्यायची तर काही नियम लागतो, हे मला मान्य आहे. पण मदतीसाठी आखलेला रकाना पुढे मोजणीसाठी वापरला जातो. कुणी आलेखात फक्त 'पात्र' घेतले, की उरलेली माणसं मदतीतूनही जातात आणि मोजणीतूनही जातात. जुलै २००६च्या सुमारास पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून 'पॅकेजनंतर आकडा घटला की वाढला' हा वाद मी ऐकत आलो आहे. वाद घालणारे दोघेही बरेचदा खरे आकडे घेऊन येतात. फक्त एकाच्या हातात एक रकाना असतो, दुसऱ्याच्या हातात दुसरा.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न. पोलिसांच्या अहवालात शेती करणाऱ्यांची वेगळी मोजणी १९९५ पासून आहे. अमरावती विभागाचे आकडे वर्तमानपत्रं २००१ पासून देतात. म्हणून महाजालावरचा कोणताही आलेख १९९५ला किंवा २००१ला सुरू होतो, आणि नवी पोरं समजतात की हे दुखणं तेव्हापासूनचं.

चिलगव्हाणचे साहेबराव करपे १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह गेले. चिलगव्हाण आपल्याच जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. अख्ख्या कुटुंबाचा शेवट पवनारजवळ झाला. महाराष्ट्रातली ही पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. दर वर्षी १९ मार्चला अनेक जण त्यांच्या आठवणीत एक दिवस अन्नत्याग करतात. योगायोग असा, की राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला तोही त्याच मार्च महिन्यात, ११ तारखेला. मोजणारं कार्यालय उभं राहिलं, आठ दिवसांनी करपे कुटुंब गेलं, आणि त्या कार्यालयाच्या रजिस्टरात शेतकऱ्यासाठी रकाना आखला जायला आणखी नऊ वर्षं लागली. विदागाराला कितीही निरोप पाठवा, चिलगव्हाणची ती ओळ येणार नाही. जिथे रेघ सुरू होते, तिथे घटना सुरू झालेली नसते. तिथे फक्त रकाना सुरू झालेला असतो.

म्हणून आलेख काढूच नये असं मी म्हणत नाही. उलट जरूर काढा. कागदांच्या ढिगाऱ्यात जे कुणाला दिसत नव्हतं, ते या रेघेमुळे दिल्ली-मुंबईच्या माणसाला दिसलं, हे खरंच आहे. भाचीला मी एवढंच सांगितलं, आणि अनुदिनीकार मित्रांनाही सांगतो. पानावर आलेख लावला की त्याच्या खाली साध्या मराठीत चार ओळी लिहा. हे कुणी मोजलं. कधीपासून मोजलं. मध्येच मोजण्याची रीत बदलली का. आणि या रकान्यात कोण बसत नाही.

पहिल्या तीन ओळी विदागारात शोधून सापडतात. चौथीसाठी गावात जावं लागतं.