जनुकीय संकेताचा उलगडा

डीएनए रेणूची दुपेडी सर्पिल रचना जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये केंब्रिज येथे मांडली. आनुवंशिक माहितीची प्रत कशी निघत असावी, हे त्या रचनेवरून उमगले; पण त्या माहितीबरहुकूम पेशी प्रथिने कशी घडवते, हे कोडे कायम राहिले. डीएनएमध्ये माहितीची अक्षरे म्हणावेत असे बेस चारच, तर प्रथिने घडतात वीस अमिनो आम्लांपासून. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांनी १९५४ मध्ये गणित मांडले : दोन-दोन बेसच्या सोळाच जोड्या होतात, त्या अपुऱ्या पडतात, तीन-तीन घेतल्यास चौसष्ट त्रिके मिळतात. कोणते त्रिक कोणत्या आम्लाचे, हे निव्वळ तर्काने ठरवण्याचे प्रयत्न मात्र फसले. उत्तर रसायनशाळेतच मिळायचे होते.

अमिनो आम्ल आणि त्याचे त्रिक यांची गाठ घालणारा एखादा मध्यस्थ रेणू असला पाहिजे, असे क्रिक यांनी १९५५ मध्ये सुचवले होते. बोस्टन येथील पॉल झामेच्निक आणि महलोन होगलंड यांना तो वाहक आरएनएच्या रूपात सापडला. डीएनएवरील मजकूर उतरवून, प्रथिने जिथे घडतात त्या रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएचा पुरावा सिडनी ब्रेनर, फ्रान्स्वा जाकोब आणि मॅथ्यू मेसेल्सन यांनी १९६१ मध्ये दिला.

त्याच वर्षी अमेरिकेतील बेथेस्डा येथे मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश माथाई यांनी ई. कोलाय जीवाणूंच्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात केवळ युरॅसिल (यु) हाच बेस असलेला कृत्रिम आरएनए घातला. तयार झालेल्या अमिनो आम्लांच्या साखळीत फेनिलअॅलानिन हे एकच आम्ल होते. युयुयु या पहिल्या शब्दाचा अर्थ लागला. क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या जनुकात एक किंवा दोन बेस वाढले की संदेश बिघडतो, तीन वाढले की वाचन पुन्हा मार्गावर येते, हे दाखवून संकेत त्रिकांचाच असल्याचे सिद्ध केले.

पुढच्या कामात हरगोविंद खुराना यांचा वाटा मोठा आहे. पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या खुराना यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात ठरावीक क्रमाचे आरएनए घडवले. युसीयुसी असा क्रम वाचला जाताना युसीयु आणि सीयुसी ही त्रिके आलटून-पालटून येतात. साखळीतही सेरीन आणि ल्युसीन तशीच आली. १९६४ मध्ये निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी सुटी त्रिके रायबोसोमला जोडून पाहण्याची रीत शोधली. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधील एका वाहक आरएनएचा संपूर्ण क्रम उलगडला. १९६६ पर्यंत तक्ता पुरा झाला : एकसष्ट त्रिके आम्लांची, तीन विरामाची. निरेनबर्ग, खुराना आणि हॉली यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या घटकासारखे मोजके अपवाद सोडल्यास हा तक्ता जीवाणूपासून माणसापर्यंत एकच आहे. म्हणूनच मानवी इन्सुलिनचे जनुक जीवाणूंनाही वाचता येते, आणि त्यांच्याकडून बनवून घेतलेले इन्सुलिन १९८२ पासून औषध म्हणून वापरात आहे.