धाव

ब्रह्मपुरीतल्या घराची मागची सपरी. आबाजींचा छकडा दोन ठोकळ्यांवर टेकवलाय, चाकं उतरवून भिंतीशी. शंकरपटाचा छकडा म्हणजे झाडीपट्टीची शर्यतीची गाडी: दोन चाकं, धुरा आणि धुरकऱ्यापुरती जागा. वजन वाढेल असं काही नाही.

तीन आठवडे तुम्ही रंग खरवडताय. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल, लालाखाली नुसतं लाकूड. आरे तिवसाचे, आख धावड्याचा. त्याला वाळवी शिवलेली नाही. अडलंय ते धावेपाशी. चाक हलवलं की लोखंडी पट्टी खळखळते. पाचरी मारून झाल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल.

उघड्या लाकडावर तळहात ठेवता. ते कोमट लागतं.

जानेवारी १९६२. अंगण हेच, भिंत नाही. चांदा जिल्हा, गडचिरोली वेगळा व्हायला अजून वीस वर्षं. धान घरात आलंय, तनसाचे ढीग लागलेत, नागभीडकडे निघालेली छोटी गाडी शिट्टी देते. हेच चाक जमिनीवर आडवं, शेजारी वाढई आणि लोहार. लोहार चाकाभोवती सुतळी फिरवतो, मग तीच सुतळी धावेच्या आतून. धाव मोठी भरते. तो ती तोडतो, तुकडा काढतो, टोकं तापवून पुन्हा जोडतो. आता धाव चाकापेक्षा लहान! तुम्हाला वाटतं, माणूस चुकला.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ती लाल होते. तीन मीटर घेराचं लोखंड चारशे अंशांनी तापलं, की घेर जवळपास दीड सेंटीमीटरने वाढतो. लोहाराला आकडा लागत नाही, रंग पुरतो. चिमट्यांनी धाव चाकावर उतरते, लाकूड धुमसतं.

"उभा काय राह्यला गा, पानी आन!"

तुम्ही बादली ओतता. वाफेत काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं: आरे एकेक करून तुंब्यात कचकन बसताहेत. लोखंड आवळतंय. एक खिळा नाही, एक पाचर नाही.

दुपारी पट. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात. पुढचे काही सेकंद सगळं गाव श्वास धरून. छकड्यावर आबाजी, पंचविशीतले, वाकलेले. पाहुणे गावोगावचे, रात्री मुक्कामी राहतील, म्हणून मांडवात नाटकही उभं राहतंय. तेवढ्यात आबाजींच्या हातातली तुतारी, बैल हाकायची काठी, वर जाते. तिच्या टोकाला खिळा आहे. बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचा थेंब. तुम्हाला नजर फिरवावीशी वाटते, फिरवू नका. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, त्या या थेंबासाठीही. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली ती अटींसह, आणि त्या अटी रास्त आहेत.

सपरीत परतता तेव्हा तळहात अजून लाकडावरच असतो.

कोपऱ्यात तुतारी उभी आहे. तिचा गंज तुम्ही काढत नाही. सुतळी शोधता. चाकाभोवती एक फेरा, मग धावेच्या आतून. धाव बोटभर मोठी आहे.

करवत घेता. शेजारच्या पोराला हाक मारता: "गोवऱ्या आन गा. आणि पानी भरून ठेव, दोन बादल्या."