शिराझचा घोट आणि जेवणाचे ताट

गडद, भारदस्त रेड वाइन म्हटली की आपल्याकडे शिराझचे नाव हमखास निघते. नावावरून या द्राक्षाचा संबंध इराणमधील शिराझ शहराशी जोडण्याचा मोह होतो. मात्र १९९८ मध्ये डीएनए तपासणीतून ते द्युरेझा आणि माँद्यूझ ब्लांश या दोन फ्रेंच जातींचे अपत्य असल्याचे स्पष्ट झाले. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यात त्याला सिराह म्हणतात. जेम्स बझबी यांनी १८३२ मध्ये त्याच्या वेली ऑस्ट्रेलियात नेल्या आणि पुढे शिराझ हे नाव तेथे रूढ झाले. आज नाशिकच्या परिसरातही शिराझची लागवड होते.

रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी होता. मुंबई-पुण्याच्या ३० अंशांच्या खोलीत तो पाळला, तर अल्कोहोलचा झोंबरा वास तेवढा नाकात शिरतो. शिराझला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवते. त्यासाठी बाटली काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.

पेला एक तृतीयांशच भरावा. पांढऱ्या कापडावर तो तिरपा धरला, की तरुण शिराझच्या कडेला जांभळी झाक दिसते. वय वाढले की तीच कड विटकरी होते. पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. काळ्या मिरीची आठवण करून देणारा गंध आला, तर तो भास नव्हे. मिरीतील रोटंडोन हे द्रव्य या द्राक्षातही असते. थंड हवेच्या प्रदेशातील वाइनमध्ये हा गंध अधिक ठळक असतो, उष्ण प्रदेशात पक्व फळांचा गोडसर वास वरचढ ठरतो. घोट घेतल्यावर जीभ कोरडी पडते, जांभूळ खाल्ल्यावर पडते तशी. ही टॅनिनची करामत. सालीतून आणि बियांतून आलेले टॅनिन लाळेतील प्रथिनांना बिलगते आणि तोंडाचा ओलावा हरपल्यासारखा वाटतो.

जेवणाची सांगड घालताना हा तुरटपणाच लक्षात ठेवावा लागतो. मांसातील प्रथिने, चरबी आणि मीठ यांमुळे तो मवाळ होतो. म्हणूनच मटण आणि शिराझ यांचे जमते. पण येथेच आपली गफलत होते. दणकट वाइन म्हणून तिच्यासोबत झणझणीत तांबडा रस्सा वाढला जातो. अल्कोहोल मिरचीचा दाह वाढवते आणि त्या दाहात टॅनिन आणखी कडवट लागते. शेवटी ना रश्शाची चव कळते, ना वाइनची. तिखट आणि मसालेदार हे दोन वेगळे गुण आहेत. मिरची आवरून काळी मिरी, दगडफूल आणि भाजलेले सुके खोबरे घातलेले सुके मटण शिराझशी उत्तम जुळते. शाकाहारी पंगतीत कमी तिखटाची भरली वांगी किंवा निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत चालते. त्यातील धुरकटपणा ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला विशेष साथ देतो.

बांगड्यासारखी तेलकट मासळी मात्र टाळावी. रेड वाइनमधील लोहाच्या अंशामुळे माशाचा उग्र वास उफाळून येतो. पुरणपोळीपुढेही तिचा निभाव लागत नाही. गोडापुढे ती आंबट भासते.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर चव उतरलीच, तर मटण शिजवताना भांड्यात एक पेलाभर ओतावी.